पायाने उडवायची टॉफी-तोफ: मुलांच्या वाढदिवसासाठी घरी कशी बनवावी

बाटलीवर पाय पडतो, आतली हवा नळीतून वर धावते आणि नळीत भरलेल्या पाच-सहा टॉफ्या मुलांच्या समोर उधळल्या जातात. यंत्र एवढंच आहे. कॉम्प्रेसर नाही, व्हॉल्व्ह नाही, सायकलचा पंप नाही. पाइप-फिटिंगचं सामान एका फेरीत मिळतं आणि जोडणी एका संध्याकाळी होते. फक्त पाइप चिकटवायचं सोल्युशन वाळायला एक रात्र सोडावी लागते, म्हणून वाढदिवसाच्या किमान दोन दिवस आधी कामाला लागा.

हवेवर चालणारी तोफ आणखी एका पद्धतीने करतात: जाड पाइपची बंद टाकी, तिला सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह, पंपाने हवा भरायची आणि कॉक उघडून सोडायची. ती पोरांच्या कार्यक्रमासाठी करू नका. पीव्हीसी पाइपवर छापलेला दाब पाण्यासाठी असतो. दाबाखालचं पाणी गळतं आणि थांबतं, पण दाबलेल्या हवेत ताकद साठून राहते. पाइप फुटला की ती सगळी एकदम बाहेर पडते आणि पीव्हीसीच्या धारदार कपच्या उडतात. अमेरिकेत दाबाच्या हवेसाठी पीव्हीसी पाइप वापरू नयेत असा इशारा तिथल्या कामगार-सुरक्षा यंत्रणेने १९८८ सालीच दिला होता. गच्चीवर उन्हात पडलेला पाइप तर आणखीच ठिसूळ झालेला असतो. पायाच्या तोफेत हवा साठतच नाही. नळीचं तोंड कायम उघडं असतं, पाय पडला तेवढ्यापुरता दाब येतो आणि गेला.

नळी रुंद का हवी

पहिल्यांदा करणारा माणूस हमखास बारीक नळी घेतो, कारण तिच्यातून टॉफी जोरात जाते. इथे जोर नको आहे.

साधा हिशेब पाहा. सव्वादोन लिटरच्या बाटलीवर मोठ्या माणसाने पाय मारला की समजा सव्वा लिटर हवा सेकंदाच्या आठव्या भागात बाहेर आली. शेड्यूल ४० च्या (हे पाइपच्या भिंतीच्या जाडीचं माप) दीड इंची पाइपचा आतला व्यास जवळपास ४१ मिलिमीटर, म्हणजे भोकाचं क्षेत्रफळ १३ चौरस सेंटीमीटर. त्यातून हवा सेकंदाला साधारण पावणेआठ मीटर वेगाने जाते आणि टॉफी नळीच्या तोंडापासून तीनेक मीटर वर चढते. तीच हवा एक इंची नळीतून काढली तर वेग सव्वादोन पटींच्या वर जातो आणि लागणारा मार पाचपटींहून जास्त होतो. म्हणून दीड इंचाच्या खाली उतरू नका. दोन इंची घेतलीत तर टॉफ्या आळसावल्यासारख्या जेमतेम डोक्याएवढ्या उंच उडतात. अगदी लहान मुलांसाठी तेही चालेल.

नळीची लांबी ६० सेंटीमीटर. एवढ्या नळीत ०.८ लिटर हवा मावते, म्हणजे बाटलीतून येणारी हवा पुरून उरते. मीटरभर लांब नळी केली तर तोंडाच्या आधीच हवा संपते आणि टॉफ्या तोंडापर्यंत येऊन परत खाली घरंगळतात.

सामान

- दीड इंची पीव्हीसी पाइप, शेड्यूल ४०: ६० सेंटीमीटर
- पाऊण इंची पीव्हीसी पाइप, शेड्यूल ४०: सव्वा मीटर
- दीड बाय पाऊण इंची रिड्युसर (जाड पाइपला बारीक पाइप जोडणारं फिटिंग): १
- पाऊण इंची एल्बो (काटकोनात वळवणारं फिटिंग): १
- दीड इंची कपलर (दोन पाइप सरळ जोडायचं फिटिंग): १, नळीच्या तोंडाला
- पाऊण इंची पाइप धरायचे क्लॅम्प: २, स्क्रूसकट
- १२ मिलिमीटर प्लायचा तुकडा: ४५ × ४५ सेंटीमीटर
- सायकलची जुनी ट्यूब
- कोल्ड्रिंकच्या सव्वादोन लिटरच्या रिकाम्या बाटल्या: ४ ते ५
- पीव्हीसीचं सोल्युशन, सर्वांत लहान डबी
- इलेक्ट्रिकची काळी टेप, मीटरभर नायलॉनची दोरी, एक बारीक स्क्रू
- जुनी योगा मॅट किंवा तसाच मऊ फोम, १० ते १५ मिलिमीटर जाड

पाऊण इंचच का? पाऊण इंची पाइपचा बाहेरचा व्यास २६.७ मिलिमीटर आहे आणि कोल्ड्रिंकच्या बाटलीचं आट्यांचं तोंड साधारण तेवढंच, २७ च्या आसपास. सायकलच्या ट्यूबचा एकच तुकडा एका बाजूने पाइपवर आणि दुसऱ्या बाजूने बाटलीच्या तोंडावर तितक्याच घट्ट बसतो. सगळी जोडणी या जमून आलेल्या मापावर उभी आहे, म्हणून इथे तडजोड नको.

मुंबईत सहसा चूक होते ती नेमकी याच ठिकाणी. बिल्डिंगमध्ये कुणाच्या ना कुणाच्या फ्लॅटचं काम चालू असतंच, आणि प्लंबर पाइपचे उरलेले तुकडे आनंदाने देतो. पण ते बहुतेक फिकट पिवळ्या रंगाचे सीपीव्हीसी पाइप असतात, गरम पाण्याचे. त्यांचं माप वेगळं असतं: पाऊण इंची म्हणून दिलेला तुकडा बाहेरून फक्त २२ मिलिमीटर भरतो. त्यावर ट्यूब सैल बसते आणि पांढऱ्या पाइपचं फिटिंगही बसत नाही. पाण्याच्या मोटारीला लावतात ते मिलिमीटरच्या मापातले राखाडी पाइपही या फिटिंगला जुळत नाहीत. दुकानात पाइप आणि फिटिंग एकत्र मागा, काउंटरवरच एकात एक घालून बघा.

नाक्यावरचा हार्डवेअरवाला दीड इंची पाइप फुटावर कापून देईलच असं नाही. नाही म्हणाला तर नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात जा. ट्यूब पंक्चरवाल्याकडून आणा. त्याच्याकडे टाकून दिलेल्या ट्यूबांचा ढीग असतो. मोठ्या माणसाच्या साध्या सायकलची, दीड इंची टायरची ट्यूब मागा. जाड टायरच्या सायकलची ट्यूब फार रुंद पडते.

कापणं आणि जोडणं

पाइप हॅक्सॉने कापा. कापायच्या रेषेवर कागदाची सरळ पट्टी गुंडाळून तिच्या कडेने पेन फिरवा, म्हणजे काप तिरका जात नाही. कापलेल्या कडेचा भुसा आणि धार आतून-बाहेरून पॉलिश पेपरने काढा. आतली धार राहिली तर टॉफ्यांच्या खाली बसणारी फोमची चकती (ती पुढे करायची आहे) तिथे अडते.

पाऊण इंची पाइपचे दोन तुकडे करा: एक मीटरभराचा, दुसरा ७ सेंटीमीटरचा. मीटरभराच्या तुकड्याच्या टोकाला एल्बो, एल्बोत वरच्या बाजूला छोटा तुकडा, त्यावर रिड्युसर. एवढे सांधे सोल्युशनने चिकटवा. दोन्ही भाग कोरड्या फडक्याने पुसा, दोन्हींना पातळ थर लावा, आत सरकवताना पाव वळसा द्या आणि अर्धा मिनिट धरून ठेवा. सोल्युशन पेट घेतं आणि त्याचा वास डोक्यात जातो, त्यामुळे गॅसपासून लांब, खिडकीपाशी किंवा गॅलरीत बसून काम करा. वास पूर्ण जाईपर्यंत पाइप रात्रभर उघडा ठेवा, नाहीतर त्याच वासाच्या टॉफ्या पोरांच्या हातात पडतील.

दीड इंची नळी रिड्युसरमध्ये चिकटवू नका. ती नुसती दाबून बसवा आणि बाजूने एक बारीक स्क्रू मारा, पण त्याचं टोक आत येऊ देऊ नका. धुण्यासाठी आणि ठेवून देण्यासाठी नळी निघायला हवी. नळीच्या वरच्या तोंडाला कपलर ठोकून बसवा. पाइपची कापलेली कड कपलरच्या आत लपते आणि कुणाच्या कपाळाला ती लागत नाही.

आता बैठक. मीटरभराचा आडवा पाइप प्लायवर ठेवा, एल्बो प्लायच्या मधोमध येईल असा, आणि पाइपचं दुसरं टोक प्लायच्या बाहेर जाऊ द्या. दोन क्लॅम्पनी आवळा. क्लॅम्पखाली ट्यूबच्या रबराची पट्टी घाला, म्हणजे पाइप फिरत नाही. आवळण्याआधी पाइप थोडा फिरवून नळीला कल द्यायचा आहे: जमिनीशी ७५ अंश. कंपासपेटीतला कोनमापक वापरा. नाहीतर सोपी खूण अशी, की ६० सेंटीमीटरच्या नळीचं वरचं टोक तिच्या बुडाच्या सरळ वर न येता १५-१६ सेंटीमीटर बाजूला येतं. मग नळीच्या मध्यावर दोरी बांधा आणि कल ज्या बाजूला आहे त्याच्या विरुद्ध कडेला प्लायला ताणून बांधा. क्लॅम्प सैल झाले तरी दोरी नळीला आणखी कलू देणार नाही. ही दोरी शोभेची नाही, ती नसेल तर तोफ बाहेर काढू नका. आडवी झालेली नळी थेट मुलांच्या चेहऱ्यावर रोखली जाते. प्लायवर एक वीट ठेवली की बैठक हलत नाही.

ट्यूबचा व्हॉल्व्ह नसलेला १५ सेंटीमीटरचा तुकडा कापा. आतली पांढरी पावडर धुऊन काढा. एक टोक पाइपवर ४-५ सेंटीमीटर चढवून टेपचे घट्ट वेढे द्या. दुसरं टोक बाटलीच्या आट्यांवरून खालच्या कड्याच्या पलीकडे ओढा आणि तिथेही टेप मारा. लोखंडी क्लिप बाटलीच्या बाजूला लावू नका, तोंड चेपतं. पाइपचं टोक आणि बाटलीचं तोंड यांत चार-पाच सेंटीमीटर मोकळं रबर राहू द्या, कारण पाय पडल्यावर बाटली थोडी सरकते आणि ताण या रबरावर यायला हवा.

चकती

टॉफ्यांच्या खाली चकती नसेल तर हवा टॉफ्यांच्या फटींतून निघून जाते आणि टॉफ्या जागेवर नुसत्या थरथरतात. योगा मॅटवर नळीचं कपलर नसलेलं टोक दाबून ठसा घ्या आणि ठशाच्या आतल्या वर्तुळावर कात्रीने कापा. चकती नळीत वरून सोडून बघा. धप्पकन खाली पडली तर सैल आहे, काठीने ढकलावी लागली तर घट्ट. सोडल्यावर ती रेंगाळत खाली गेली पाहिजे. रिड्युसरच्या खांद्यावर ती आपोआप थांबते. घट्ट चकतीच्या कडेवरून एकदा पॉलिश पेपर फिरवला तरी फरक पडतो. सात-आठ चकत्या करून ठेवा आणि सगळ्या भडक रंगाच्या करा. त्या टॉफ्यांबरोबर उडतात, आणि खाली पडलेली एखादी चकती कुणीतरी छोटं तोंडात घालायच्या आत दिसली पाहिजे.

चाचणी आधी हाताने. नळीचं तोंड मोकळं ठेवून चकती आत टाका आणि बाटली तळहाताने हळू दाबा. चकती वर सरकली की काम झालं. नाही सरकली तर सांध्यांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे कुठे येतात ते बघा. बहुतेक वेळा ते ट्यूबच्या टेपखालून येतात. मग एकट्या चकतीवर, मग कागदाच्या बोळ्यांवर आणि शेवटी टॉफ्यांवर पाय मारून पाहा.

काय भरायचं

कडक साखरेच्या गोळ्या नकोत. चार ग्रॅमची गोळी चार मीटरवरून पडली तर डोक्याला चिमटा बसेल, पण डोळ्याला लागली तर प्रकरण दवाखान्यात जातं. मार्शमॅलो सर्वांत चांगले: हलके, मऊ, भरायला सोपे. पण वेष्टनातलेच घ्या, आणि पाकिटावरचा हिरवा ठिपका बघा. बहुतेक मार्शमॅलोंत जिलेटिन असतं, ते प्राण्यांपासून येतं, आणि सोसायटीत शाकाहारी आणि जैन घरं असतातच. पाहुण्यांपैकी कुणाला शेंगदाण्याची किंवा दुधाची ॲलर्जी आहे का, तेही आमंत्रण देतानाच विचारा. मऊ टॉफ्या चालतात. चॉकलेट एप्रिल-मेमध्ये गच्चीवर नेऊ नका, नळीतच लगदा होतो. पावसाळ्यात टॉफ्या चिकटतात, म्हणून डबा शेवटच्या मिनिटापर्यंत बंद ठेवा.

पाच वर्षांखालच्या मुलांसाठी खाऊ उडवूच नका. गोल, गुळगुळीत किंवा चिवट खाऊ त्यांच्या घशात अडकतो. मार्शमॅलो आणि जेलीसुद्धा त्यातच येतात. त्यांच्या फेरीला लोकरीचे गोंडे भरा आणि गोंडा आणून दिला की बदल्यात त्यांना चालेल असा खाऊ हातात द्या. गोंडे उडतात सुरेख, आणि छोट्यांना त्यांचीच जास्त मजा येते.

टॉफीला शेपटी लावली तर ती सावकाश उतरते आणि दुरून दिसते. क्रेप पेपरची दोन सेंटीमीटर रुंद, तीस सेंटीमीटर लांब पट्टी टॉफीच्या पिळाला बांधा, भरताना गुंडाळी करा. क्रेप पेपर आणि वाढदिवसाचा इतर माल क्रॉफर्ड मार्केट आणि अब्दुल रहमान स्ट्रीटच्या पट्ट्यात घाऊक मिळतो. चमकीचा कचरा मात्र भरू नका. तो गटारापर्यंत जातो आणि सोसायटीचा झाडूवाला तुमच्या नावाने खडे फोडतो.

एका वेळी पाच ते सहा टॉफ्या. वीस मुलं आणि प्रत्येकी पाच टॉफ्या धरल्या तर शंभर लागतात, म्हणजे अठरा-वीस बार. यापेक्षा जास्त ठेवू नका, पोरांचा उत्साह तोवर केककडे वळलेला असतो.

जागा आणि माणसं

७५ अंशांवर टॉफ्या नळीपासून साधारण २ ते ४ मीटरवर पडतात. एवढी जागा खडूने आखा. मुलं आखलेल्या जागेच्या बाहेर, तोफेच्या मागच्या बाजूला उभी राहतील. सगळं खाली पडेपर्यंत रेघ ओलांडायची नाही, मग मोठ्याने "सुटा!" म्हणायचं. त्यामुळे कुणाच्या डोक्यावर काही पडत नाही. खरी दुखापत टॉफीने होत नाही, दोन पोरांची डोकी एकमेकांवर आपटून होते. त्यावर उपाय असा, की मोठी आणि लहान मुलं वेगवेगळ्या फेऱ्यांत सोडा. आठवी-नववीतले दादा लोक सगळा माल गोळा करतात, हे काही सांगायला नको.

हॉलमध्ये छत दहा फुटांवर आणि त्याखाली पंखे. पंखे बंद करा, सव्वा लिटरची बाटली लावा आणि पाय न मारता हाताने दाबा. कंपाउंडमध्ये गाड्यांपासून लांब. गच्ची घ्यायची तर सेक्रेटरीला विचारा, कठड्यापासून निदान दहा मीटर आत बसवा आणि कल आतल्या बाजूला ठेवा. सातव्या मजल्यावरून रस्त्यावर पडलेली टॉफी मऊ राहत नाही. संध्याकाळी समुद्रावरून वारा आला की शेपटीवाल्या टॉफ्या पूर्वेकडे वाहतात, आखलेली जागा तेवढी सरकवा. चाळीच्या चौकात एक वेगळाच धोका असतो: टॉफी साधारण चार मीटरवर जाते, आणि पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून वाकून बघणाऱ्यांचे चेहरे नेमके तिथेच असतात. कल गॅलरीच्या उलट बाजूला द्या.

तोफेपाशी दोन मोठी माणसं हवीत. एक भरतो, एक बाटली सांभाळतो. नळी भरत असताना बाटलीवर प्लॅस्टिकचा टब उलटा घालून ठेवा. नाहीतर कुणीतरी उत्साहाने पाय देतं आणि भरणाऱ्याचा चेहरा नळीवर असतो. नळीत कधीही डोकावायचं नाही, अडकलं असेल तर नळी काढून बाजूने काठी घाला. पाय मारायची पाळी प्रत्येक मुलाला द्या, पहिली वाढदिवसाच्या मानकऱ्याची. एक पाय, सपाट चप्पल, उडी नाही. बाटलीखाली रबरी पायपुसणं घाला, गुळगुळीत फरशीवर बाटली सटकते आणि मूल पडतं.

बिघाड

पहिले तीन-चार बार चांगले गेले आणि मग जोर कमी झाला, तर बाटली पूर्ण फुगलेली नाही. प्रत्येक बारानंतर ट्यूब पाइपच्या टोकावरून सोडवा, तिच्यात फुगे फुगवायच्या पंपाचं टोक घालून मुठीत आवळा आणि पंप मारा. चेपलेली बाटली टणकन सरळ होते. तोंडाने फुंकलं तरी चालतं, पण बाटली सांभाळणाऱ्याचा दम निघतो. ट्यूब सारखी काढायची असल्याने त्या टोकाला टेपऐवजी रबराची पट्टी गुंडाळणं सोयीचं.

बाटलीच्या घड्यांवर पांढऱ्या रेघा दिसू लागल्या की तिथे चीर जायची वेळ झाली. बाटली बदला, टेप लावून चालवू नका.

टॉफ्या गठ्ठ्याने उडत असतील तर वेष्टनाचे पिळलेले कान एकमेकांत अडकले आहेत, ते दुमडून भरा. चकती मध्येच अडकत असेल तर नळीत साखर चिकटली आहे. ओलं फडकं काठीला गुंडाळून आतून फिरवा, मग कोरडं फिरवा. एकाच बाजूला सगळं उडत असेल तर चकती तिरकी बसते, म्हणजे ती फार पातळ आहे. दोन चकत्या एकमेकींवर चिकटवा.

कार्यक्रम झाल्यावर आधी सगळ्या चकत्या मोजून परत घ्या. नळी काढून भांड्याच्या साबणाने धुवा आणि आत ओल राहू देऊ नका, नाहीतर रात्रीत मुंग्या लागतात. ट्यूबचा तुकडा बाटलीवरून सोडवून ठेवा, कारण ताणलेलं रबर काही आठवड्यांत तडकतं. पाइप माळ्यावर ठेवा, खिडकीच्या ग्रिलमध्ये उन्हात नको. पुढच्या वाढदिवसाला फक्त नव्या बाटल्या आणि ट्यूबचा ताजा तुकडा लागेल.